पाणी पिऊन चाला

दौंड-शिरूरच्या वस्त्यांतून आपण पुण्याला जातो ते बहुतेक ससूनला, कोर्टाला नाहीतर कामाला. शहर बघायला कोण जातं? म्हणून यंदा आम्ही बायाबायांनीच ठरवलं, पुणं पायी बघायचं. दौंडच्या रेल्वेने आल्या, शिरूरच्या एसटीने. स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन केलं आणि गंज पेठेतल्या फुले वाड्याकडे निघालो. तिथून बुधवार पेठेत, भिडे वाड्याच्या जागेवर. १८४८ ची मुलींची शाळा तिथलीच. जुना वाडा २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला.

जोतिबांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याच वाड्यात उभ्या असताना लक्षात आलं, आम्ही सकाळपासून घोटभरही पाणी प्यालो नव्हतो. कुणी अडवलं नव्हतं. "लघवीला लागली तर जायचं कुठं?" एवढंच कारण. वाटेत एका स्वच्छतागृहाला कुलूप होतं, दुसऱ्यात पाणी नव्हतं. १ जानेवारीला विजयस्तंभाला जातानाही आपल्या बाया असंच करतात. मोर्चात, लग्नातही हेच.

आमच्यात नर्सिंग शिकलेल्या होत्या, त्यांनी तरी हे चालवून घ्यायला नको होतं. पाणी कमी आणि लघवी दाबून ठेवली, की मूत्राशयात जंतू वाढायला वाव मिळतो. जळजळ होते, ओटीपोट दुखतं. थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीत दुखू लागलं, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. "उष्णता झाली" म्हणून सब्जा पीत बसू नका, लघवी तपासून घ्या. गरोदर बाईने तर एक दिवसही काढू नये.

काहीजणी म्हणाल्या, मग जायचंच कशाला? हे आम्हाला पटत नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन हडपसरचा दवाखाना गाठला. त्यांच्या गावात आपण पेशंट म्हणूनच जायचं का? चालण्याने साखर, बीपी आटोक्यात राहायला मदतच होते. फक्त साखर असलेल्यांनी अनवाणी चालू नये, घरी आल्यावर तळवे बघावेत.

राग येईल, पण बोलतो. आपली मंडळं सहलीच्या पत्रिकेत भोजनदानाची वेळ छापतात, बायांची सोय कुठे आहे ते छापत नाहीत. पुढच्या खेपेला आमच्यातल्या दोघी आधी वाट बघून येणार आहेत. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असतं, तिथे विचारायला लाजायचं नाही. निघताना प्रत्येकीची बाटली भरलेली आहे का, ते आम्ही बघू. परतताना रिकामी झाली का, तेही.