खांबामागचा मुलगा

दोस्तांनो,

आजचं पान खास सातवी-आठवी-नववीतल्या मोठ्या दोस्तांसाठी. धाकट्यांनीही वाचायला हरकत नाही, आणि आई-बाबांनी तर वाचावंच!

कालपर्यंत जिच्याशी खोडरबरावरून भांडत होतो, ती आज समोर आली की बोबडी वळते. केस पाणी लावून चापूनचोपून बसवावेसे वाटतात. आरशाशी मैत्री वाढते. होतं ना असं? घाबरू नका. हे पाप नाही की आजार नाही. मोठं होताना असं होतंच.

२०१४ साली नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा चित्रपट सगळीकडे लागला. त्यातला जब्या तुमच्याच वयाचा, खेड्यात राहणारा, कैकाडी समाजातला. वर्गातली शालू त्याला फार आवडते, पण तिच्याशी बोलायचं धाडस काही होत नाही. काळ्या चिमणीची राख टाकली की ती मुलगी आपली होते, असं त्याने ऐकलेलं. मग काय! पिऱ्या नावाच्या मित्राला घेऊन स्वारी गलोलीसह रानात!

'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. डुकरं धरायचं काम जब्याच्या घरच्यांवर येतं, तेही नेमकं शाळेजवळ. शाळेतली मुलं बघतात, हसतात. त्यांत शालूही असते. जब्या आडोशाला लपतो.

तो आडोसा बघितला आणि मला माझा खांब आठवला.

मी तेव्हा नववीत होतो, इथंच माधवनगरला. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, बुधगावकडून सायकलवर भाजी विकत यायचे. एकदा माझा डबा घरीच राहिला. दुपारी दादा शाळेच्या फाटकात उभे! पायांत टायरच्या चपला, कॅरिअरला मेथीच्या जुड्या. आणि व्हरांड्यात नेमकी 'ती'! मी पटकन खांबामागे गेलो. दादांनी दोन हाका मारल्या, डबा शिपाईकाकांकडे दिला आणि गेले.

संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "डबा मिळाला न्हवं?"

मी मान हलवली. त्यांनी मला बघितलं होतं का? हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी ती काय म्हणाली माहीत आहे? "ते भाजीवाले काका तुझे वडील होय? आमची आई त्यांच्याकडनंच मेथी घेते." बस्स, एवढंच! ती हसलीच नव्हती. मीच आधी लाजून बसलो होतो.

जब्याचं मात्र तसं नव्हतं. त्याला खरोखरच हसत होते, त्याच्या जातीवरून, घरच्यांच्या कामावरून. पण मला सांगा, तिथं लाज कुणाला वाटायला हवी होती? लपणाऱ्याला की हसणाऱ्यांना? शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट पडद्यातून आपल्याकडेच येतो. आपणही कुणाला असं हसलो असू, तर तो दगड आपल्यालाच.

आणखी एक. राखेने कुणाचं मन मिळत नाही. बाकावर नाव कोरून किंवा सायकलने पाठलाग करून तर नाहीच नाही! आपल्याला कोण आवडावं हे आपल्या हातात नसतं. आपण कसं वागावं हे असतं. आणि समोरचं माणूस 'नाही' म्हणालं, तर ते ऐकायचं. तिचं मन तिचं, तुमचं मन तुमचं.

आई-बाबांनो, मुलगा आरशासमोर रेंगाळला तर चिडवू नका, वहीत चिठ्ठी सापडली तर हात उगारू नका. जवळ बसवा, विचारा. तुम्हीही कधीतरी नववीत होताच की!

आणि दोस्तांनो, या आठवड्याचा गृहपाठ. आई-बाबा कामावर असतील तिथं एकदा जा. शेतात, दुकानात, बाजारात, कुठंही. आणि चारचौघांत त्यांना मोठ्याने हाक मारा. माझी ती हाक राहून गेली. तुमची राहू देऊ नका.

तुमचा,
गुरुजी