संततिनियमनाचा भार कोणी वाहावा?

बंगळुरूतील येलहंक्याच्या शेजारच्या जक्कूर तलावाला वस्तीचे सांडपाणी येऊन मिळते, ते आधी शुद्धीकरण केंद्रातून आणि मग पाणवनस्पतींच्या पट्ट्यातून संथपणे वाहत. त्यामुळे न्हाणीघरातून बाहेर गेलेले पाणी नाहीसे होत नसून आपल्याच आसमंतात परतते, हे येथील रहिवाशास पुस्तकातून शिकावे लागत नाही. अशा ठिकाणी एखाद्या तरुण दांपत्याने संततिनियमनाचे साधन निवडताना स्वतःच्या प्रकृतीबरोबर पाण्याच्या प्रकृतीचाही विचार केला, तर तो स्वागतार्हच होय. मात्र त्या विचारातून उत्पन्न होणारा नवा भार पुन्हा स्त्रीच्याच माथी मारला जाऊ नये, असा माझा आग्रह आहे.

गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन शरीरातून उत्सर्जित होऊन सांडपाण्यात उतरते, यात वाद नाही. कॅनडातील एका प्रायोगिक सरोवरात २००१ ते २००३ या काळात संशोधकांनी हे संप्रेरक लिटरमागे अवघे ५-६ नॅनोग्रॅम राहील इतके मिसळले, तेव्हा नर माशांत मादीची लक्षणे प्रकट झाली आणि एका जातीच्या लहान माशांची संख्या जवळजवळ लयास गेली. परंतु सांडपाण्यातील इस्ट्रोजेन केवळ गोळ्यांतून येत नाही. ते स्त्रीपुरुषांच्या शरीरांतून आणि गोठ्यांतूनही येते, आणि आपल्या देशात गोळ्या घेणाऱ्या विवाहित स्त्रिया २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शेकडा ५ च्या आसपास आहेत. म्हणून गोळी घेणाऱ्या स्त्रीस तलावाची गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे आहे. पाणी शुद्ध करण्याची जबाबदारी सांडपाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेची आहे.

ज्या स्त्रीस संप्रेरके नको असतील तिच्यासाठी तांबी आहे, जिचा ३८०-ए हा प्रकार १० वर्षे काम देतो. मात्र तांबीने मासिक रक्तस्राव वाढण्याचा संभव असल्याने रक्तक्षयाची तपासणी करूनच ती बसवावी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जन्मलेली, स्टेरॉइड नसलेली 'छाया' ही गोळी सरकारी दवाखान्यांत मिळते. ती पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यावयाची असते. निरोधचा कचरा होतो खरा, पण रोगसंसर्गापासूनही रक्षण करणारे साधन तेवढे एकच आहे. वापरलेला निरोध शौचकूपात न टाकता कागदात गुंडाळून स्वच्छताविषयक कचऱ्यात द्यावा, म्हणजे हरकतीचे फारसे काही उरत नाही. दिवस मोजण्याच्या पद्धतीने मात्र, ती निसर्गाला धरून आहे म्हणून, कोणी भुलू नये. तीत चूक होण्याचा संभव मोठा आणि त्या चुकीचे मोल मोजणारी स्त्रीच.

आता ज्या साधनाचे नाव अशा चर्चेत क्वचितच निघते त्याविषयी. पुरुष नसबंदीस संप्रेरक लागत नाही, वर्षानुवर्षे साचणारा कचरा होत नाही, आणि ती स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी व कमी जोखमीची आहे. तरीही वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीत शेकडा ३७.९ विवाहित स्त्रियांनी आपली शस्त्रक्रिया हेच साधन सांगितले आणि पतीची नसबंदी सांगणाऱ्या शेकडा ०.३ निघाल्या. आणीबाणीतील सक्तीने पुरुषांच्या मनात बसलेली धास्ती हे यामागचे एक कारण, आणि पौरुष जाईल हा भ्रम, ज्यास शास्त्रीय आधार मुळीच नाही, हे दुसरे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविताना खटले सोसले. ज्या म्हैसूर संस्थानात येलहंका होते तेथील सरकारने १९३० सालीच आपल्या रुग्णालयांत असे केंद्र उघडण्याचा हुकूम दिला. इतका धीट वारसा लाभलेल्या प्रदेशात पतीने दवाखान्याच्या दारात थांबून पत्नीस आत पाठवावे, याचे मला मनापासून दुःख होते.

सरकारी दवाखान्यात गर्भवतीची नोंद होते त्याच दिवशी पतीसही आत बोलावून, कसलीही सक्ती न करता, त्याच्या भाषेत या साधनांची माहिती द्यावी, अशी तजवीज आरोग्य खात्याने करावी. आणखी मूल नको असा निर्णय दोघांचा पक्का असेल तरच नसबंदी करावी, तिच्यानंतर सुमारे ३ महिने दुसरे साधन वापरावे लागते, आणि वीर्यतपासणी झाल्याखेरीज निर्धास्त होऊ नये, हे त्याला त्याच भेटीत सांगितले जावे.