हृदयाचा रुग्ण पिवळा दिसला, तर आधी हृदय तपासा

घरात कुणाच्या हृदयाचं पंपिंग कमी झालेलं आहे, लघवीच्या गोळ्या चालू आहेत आणि आता डोळे पिवळसर दिसताहेत किंवा पोट फुगू लागलं आहे, अशा प्रत्येक घराला कळकळीची विनंती: आजच डॉक्टरांकडे जा. कावीळ उतरवून घ्यायला जाऊ नका.

डोळे पिवळे म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे झाडपाल्याचं औषध आणि उसाचा रस, हे आपल्याकडे अनेक घरांत ठरून गेलेलं आहे. त्यात भर पडते ती ‘एवढ्या गोळ्यांनीच लिव्हर खराब झालं’ या समजाची. मग हृदयाच्या गोळ्या परस्पर बंद होतात. ज्याला पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलेलं असतं, त्याला पेल्यांवर पेले रस पाजला जातो. हे सगळं मायेपोटी होतं, पण रुग्ण त्यातच धापा टाकू लागतो.

दुखणं बहुधा हृदयाचंच असतं. हृदय मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्यातलं जवळपास पाव यकृतातून जातं. हृदयाची उजवी बाजू थकली की ते पुढे सरकत नाही, यकृतातच तुंबतं. यकृत सुजतं. उजव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घासांत पोट भरतं, मळमळतं. कित्येक जण तेवढ्यावर ॲसिडिटीची गोळी घेत राहतात, आणि इकडे रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं द्रव्य, वाढत जातं. हृदयाचा जोर एकाएकी फारच कमी झाला, तर यकृताला रक्तच पुरत नाही. एसजीओटी, एसजीपीटी या यकृताच्या रक्ततपासण्यांचे आकडे हजारांच्या घरात जातात. ती आणीबाणी आहे.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या मोठ्या अभ्यासांत बिलिरुबिन वाढलेल्यांना मृत्यूचा आणि पुन्हा ॲडमिट व्हावं लागण्याचा धोका जास्त आढळला आहे. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. अंगात साठलेलं पाणी वेळेत उतरवलं, हृदयाला आधार मिळाला, तर यकृताचे रिपोर्ट पुष्कळदा सुधारतात. वर्षानुवर्षं रक्त तुंबून यकृत निबर झालं, की ते भरून येणं फार कठीण.

म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करा आणि लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढलं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. तपासणीला गेलात की किडनीबरोबर लिव्हरचीही रक्ततपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अधिकच जपा: यकृत सुजलं की त्या गोळीचा परिणाम वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळी झाली, तर लगेच दाखवा. मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका. त्यांतल्या बऱ्याचशा शरीरात पाणी धरून ठेवतात.

कधी कारण खरोखरच वेगळं निघतं: विषाणूची कावीळ, पित्ताचे खडे, क्वचित एखादं औषधही. ते तपासणीतूनच कळतं, आणि कुठली गोळी थांबवायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

धाप वाढली, लघवी कमी झाली, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असली तरी १०८ला फोन करा. निघताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुना इको रिपोर्ट बरोबर घ्या. झाडपाल्याचं काही दिलं असेल, तर तेही न लपवता सांगा.