हे खाते कोणी उघडून दिले?

पेण आणि रोहे ही रायगड जिल्ह्यातील दोन गावे पैशाच्या इतिहासात अगदी निरनिराळ्या कारणांनी नोंदली गेली आहेत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यास गेले. ते १९४३ साली त्या पदावर आले आणि बँकांचे नियमन करणारा १९४९ चा कायदा त्यांच्याच कारकीर्दीत झाला. पेणची नोंद दुःखाची आहे. २०१० च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे एका रात्रीत त्यांचे असूनही त्यांचे राहिले नाहीत. त्यांतील कित्येकांची ठेव पुढे एका तपाहून अधिक काळ अडकून पडली. गेलेला पैसा परत मागणे म्हणजे काय असते, हे पेणकरांना कोणी नव्याने शिकवावयास नको.

या आठवणी आज काढण्याचे कारण असे की, तीच पाळी आता घरोघर आणि किरकोळ हप्त्यांनी येऊ लागली आहे. मोबाइलवर जाहिरात झळकते. नामांकित दुकानाची नक्कल केलेले पान उघडते. दहा हजारांची वस्तू तीन हजारांत मिळणार असते. पैसे भरले जातात, वस्तू येत नाही आणि चार दिवसांनी ते पानही नाहीसे होते. किंवा उलट, घरातले जुने कपाट विकावयास काढले की सैन्यातील अधिकारी म्हणविणारा कोणी ‘पैसे घेण्यासाठी’ एक चौकोनी चित्र पाठवितो आणि ते मोबाइलने टिपून गुप्त अंक दाबताच पैसे येण्याऐवजी जातात. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त अंक कधीच लागत नाही, ही साधी गोष्ट अजून लाखो सुशिक्षितांना ठाऊक नाही. आम्ही एके काळी शाळेत नफातोट्याची उदाहरणे घालीत असू. त्या उदाहरणांतील दुकानदार निदान अस्तित्वात तरी असे.

अशा वेळी काय करावे, हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे. दुकान खरे असेल आणि माल खोटा निघाला असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करण्याचा अधिकार दिला आहे. पेण किंवा रोह्याच्या ग्राहकाला त्यासाठी अलिबागचा जिल्हा आयोग आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. परंतु दुकानच खोटे असेल, तर नोटीस कोणाच्या पत्त्यावर धाडावयाची? तेथे एकच मार्ग उरतो. तो म्हणजे तत्क्षणी १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करणे, आपल्या बँकेस कळविणे आणि गृहखात्याच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदविणे. या तक्रारीवरून पैसा ज्या खात्यात गेला ते खाते गोठविले जाते. मात्र तो पैसा तेथे थांबलेला असला पाहिजे. आणि तो सहसा थांबत नाही. एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात जाऊन अर्ध्या तासात कोठल्या तरी परराज्यातील यंत्रातून तो रोख निघून जातो. लाजेने किंवा घरच्यांच्या धास्तीने जो गृहस्थ रात्र काढून सकाळी तक्रार करतो, त्याने आपले पैसे बहुधा कायमचे घालविलेले असतात.

गोठलेला पैसा हाती येणे ही आणखी निराळी यात्रा आहे. प्रचलित रीतीप्रमाणे त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. लहान रकमांच्या बाबतीत ही अट शिथिल करण्याचे पाऊल केंद्रीय गृहखात्याने २०२६ च्या आरंभी उचलले, हे योग्यच झाले. तीन हजारांसाठी वकील लावणे म्हणजे गाईच्या मोलाने दावे विकत घेणे होय.

या वाटेवर एक दुसरा चोर बसलेला असतो. ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ अशी जाहिरात करणारा, प्रसंगी पोलीस अधिकारी किंवा रिझर्व्ह बँकेचा अंमलदार म्हणवून घेणारा हा इसम आधी शुल्क मागतो, मग कर मागतो आणि एकदा नागविलेल्या माणसास दुसऱ्यांदा नागवतो. १९३० च्या तक्रारीस पैसे पडत नाहीत. जो पैसे मागतो तो चोरच, असे समजून चालावे.

आता या प्रश्नाच्या व्याप्तीकडे पाहू. संसदेत सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे अशा सर्व प्रकारच्या फसवणुकींत देशातील नागरिकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गमावले. १९३० ची यंत्रणा २०२१ साली सुरू झाली. तेव्हापासून २०२५ च्या मध्यापर्यंत तिने वाचविलेली रक्कम होती सुमारे ५,४८९ कोटी. म्हणजे चार वर्षांची बचत एका वर्षाच्या लुटीच्या चौथ्या हिश्श्याइतकीही नाही. पोलिसांच्या श्रमांना आम्ही कमी लेखीत नाही. परंतु केवळ फसलेल्याच्या चपळाईवर उभी असलेली व्यवस्था पुरी पडत नाही, हे हे आकडेच सांगतात.

मग उणीव कोठे आहे? रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने खातेदारास चांगले संरक्षण दिले. त्याच्या संमतीवाचून, त्रयस्थाच्या कारवाईने पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर तोशीस नाही. पण खोट्या दुकानात पैसे भरणाऱ्याने बटण स्वतः दाबलेले असते. ते फसवून दाबविले गेले, हे हिशेबात धरले जात नाही. बँक म्हणते, ‘संमती आपलीच होती’, आणि वही मिटते. फेब्रुवारी २०२६ मध्ये रिझर्व्ह बँकेने लहान फसवणुकींत २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना आणण्याचा मनोदय प्रकट केला. त्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु आमचा मुख्य प्रश्न त्याने सुटत नाही.

आमचा प्रश्न असा की, चोराचा पैसा ज्या खात्यात उतरला ते खाते कोणी उघडून दिले? चोर हवेत पैसे झेलीत नाही. त्याला बँक लागते, खातेपुस्तक लागते, आधार आणि पॅन लागतात. ही खाती बहुधा कोणा विद्यार्थ्याच्या, मजुराच्या किंवा बेकाराच्या नावाने काढून दोनचार हजारांना भाड्याने घेतलेली असतात. ज्या खात्यात वर्षभर पाचशे रुपये फिरले नाहीत, त्यात एका दुपारी चाळीस अनोळखी माणसांचे पैसे येऊन तासाभरात निघून जातात आणि बँकेच्या कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत! पेणच्या एखाद्या निवृत्त शिक्षकास आपलेच खाते चालू ठेवण्यासाठी ओळखीची कागदपत्रे घेऊन तीन खेपा घालाव्या लागतात. ही दक्षता भाडोत्री खात्यांच्या वेळी कोठे जाते?

ब्रिटनने या प्रश्नाला उत्तर दिले आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे फसवून भरावयास लावलेले पैसेही, ८५,००० पौंडांच्या मर्यादेत, सामान्यतः पाच कामकाजाच्या दिवसांत ग्राहकास परत द्यावे लागतात. आणि हा भार पैसे धाडणारी बँक व पैसे स्वीकारणारी बँक यांनी निम्मा निम्मा उचलावयाचा असतो. अशाने लोक बेफिकीर होतील, असा आक्षेप तेथेही निघाला. म्हणून घोर निष्काळजीपणाचा अपवाद ठेवला आणि पहिल्या शंभर पौंडांपर्यंतचा भार ग्राहकावर टाकण्याची मुभा बँकांना दिली. आपल्या देशात व्यवहारांची संख्या प्रचंड आहे हे खरे. तेवढ्या कारणाने पैसे स्वीकारणारी बँक नामानिराळी का राहावी, हे मात्र आम्हास समजलेले नाही. आपल्या खिशातून निम्मे जाणार असे कळले, तर त्या चाळीस अनोळखी जमांकडे तिचे लक्ष त्याच दुपारी जाईल.

मुदतीचेही तसेच. बँकेवर निर्बंध आले तर पाच लाखांपर्यंतच्या विमा उतरविलेल्या ठेवी ९० दिवसांत दिल्या पाहिजेत, असा कायदा २०२१ मध्ये झाला. तो होण्यापूर्वी पेणच्या ठेवीदारांनी एक दशक मोर्चे काढले होते आणि मुंबईकरांनी २०१९ मध्ये एका मोठ्या सहकारी बँकेच्या दाराशी आक्रोश केला होता. ठेवीदारास जी मुदत देता आली, ती फसलेल्या ग्राहकास देता येणार नाही असे नाही. पैसे स्वीकारणाऱ्या बँकेचा निम्मा वाटा आणि परतफेडीची ठरलेली तारीख, या दोन गोष्टी रिझर्व्ह बँकेने आपल्या नियमांत घातल्या पाहिजेत. आणि त्यासाठी आणखी एका पेणची वाट पाहू नये.