संलग्नता परीक्षेपुरती नको

वैजापूर तालुक्यातली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा देतात, त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळवतात आणि बहुतेकांची चित्रकला तिथेच सुटते. ज्यांची सुटत नाही, त्यांना बारावीनंतर सीईटी देऊन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात जाता येतं. तिथल्या चार वर्षांच्या बीएफएची पदवी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची असते. ही पदवी मोलाची आहेच, कारण पुढचं शिक्षण आणि नोकरीचा अर्ज तिच्याच बळावर होतो. पण संलग्नता म्हणजे अभ्यासक्रमाला मंजुरी, परीक्षा आणि निकाल, एवढाच अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. कला शिकणाऱ्याला विद्यापीठाच्या इतर विभागांत जाऊन शिकण्याचा हक्क मिळाला, तरच त्या नात्याला अर्थ आहे.

मराठवाड्यात हा हक्क विशेष गरजेचा आहे. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेत. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती पुढे लंडनमधल्या एका आगीत जळाल्या, पण त्या कामातून घडलेली नजर विद्यार्थ्यांकडे राहिली. आज अजिंठा आणि वेरूळ आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि औरंगाबाद लेणी तर विद्यापीठाच्या परिसराला लागून आहेत. तरीही ती चित्रं कोणी, कोणासाठी, कोणत्या काळात काढली हे समजून घ्यायचं तर इतिहासाचा वर्ग हवा. हिमरू आणि पैठणी या विणकामांचंही तसंच. वैजापूरला खेटून असलेल्या येवल्यात माग चालू आहेत. वस्त्रसंकल्पन शिकणाऱ्या मुलीला नक्षी कागदावर उतरवता येईल, पण विणकराची मजुरी, रेशमाचा भाव आणि बाजाराचं गणित कळल्याशिवाय तिचं काम त्या मागापर्यंत पोहोचणार नाही. त्यासाठी अर्थशास्त्र आणि वाणिज्य लागतं, आणि ते शिकवणारे प्राध्यापक त्याच विद्यापीठात आहेत.

यावर पहिला आक्षेप असा की, मुंबईचं सर ज. जी. (जेजे) कला महाविद्यालय १८५७ पासूनचं. तेही २०२३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बाहेर पडून अभिमत विद्यापीठ झालं, मग बाकीच्यांनी संलग्न का राहावं? अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठाची परवानगी लागते आणि त्यात वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. मात्र जेजेचा वारसा आणि पाठबळ प्रत्येक जिल्ह्यातल्या महाविद्यालयाकडे नाही. इतिहास, नाट्यशास्त्र, पत्रकारिता असे विभाग एकट्या कला महाविद्यालयाला उभे करता येणार नाहीत. विद्यापीठात ते तयार आहेत. दुसरा आक्षेप हाताच्या कामाचा. चित्रकाराचे तास पुस्तकी विषयांत गेले तर सराव कधी करायचा? म्हणूनच जादा लेखी पेपर लादू नयेत. विद्यार्थ्याने एखादा विषय आवडीने निवडावा आणि येवल्याच्या मागावर किंवा वेरूळच्या शिल्पांवर केलेलं काम हेच त्याचं मूल्यमापन असावं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची आणि शाखा ओलांडून शिकण्याची वाट मोकळी केली आहे. तिसरा प्रश्न पालकांचा, पोटापाण्याचा. नोकरीची हमी कोणतीच पदवी देत नाही. पण हातात कसब आणि त्यासोबत इतिहास, बाजार व भाषेची जाण असलेल्या मुलाला जाहिरात, प्रकाशन, संग्रहालय, वस्त्रोद्योग आणि शिक्षकी पेशा अशा अनेक ठिकाणी काम शोधता येतं.

विद्यापीठाने येत्या शैक्षणिक वर्षापासून कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना आपले ग्रंथालय, संग्रहालय आणि निवडक वर्ग खुले करावेत व त्या शिक्षणाला श्रेयांक द्यावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. वैजापूरसारख्या तालुक्यांतल्या पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरली पाहिजे.