खुल्या आज्ञावलीला सीमा असते काय?

शाळेच्या संगणक-कक्षात तुमच्यापैकी अनेकांनी लिनक्स किंवा पायथन वापरले असेल. अशा आज्ञावल्यांना मुक्त स्रोत आज्ञावल्या म्हणतात. त्यांचे मूळ लिखाण, म्हणजे सोर्स कोड, कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा अशी परवानगी कर्त्यांनीच दिलेली असते. मग अशा वस्तूवर एखाद्या देशाला निर्यातबंदी घालता येईल काय? बहुतेक जण 'नाही' म्हणतील. माझ्या मते हे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

प्रथम यंत्राची हकिकत पाहू, कारण ती आपल्या शेजारीच घडली. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेतील क्रे कंपनीचे महासंगणक हवे होते. हवामानाच्या अंदाजासाठी एक मिळाला, तोही कमी शक्तीचा आणि अटी घालून. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला मिळालाच नाही. अण्वस्त्रांच्या गणितासाठी त्याचा उपयोग होईल, ही शंका! तेव्हा १९८८ मध्ये नगरपासून सुमारे १२० किलोमीटरवर, पुण्यात, सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. एकच प्रचंड शक्तीचा संगणक मिळत नाही ना, मग ट्रान्सप्युटर नावाच्या लहान चिप्स एकमेकींना जोडून त्यांच्यात गणित वाटून द्यायचे, ही त्यामागील युक्ती. हे वाटून देणेच खरे अवघड असते. दहा गवंडी लावले म्हणून भिंत दहापट वेगाने उठत नाही. त्या चिप्स ब्रिटनमधील इनमॉस कंपनीच्या होत्या, हे मात्र अभिमानाच्या भरात आपण विसरतो.

यंत्र बंदरावर अडवता येते. लिखाण कसे अडवणार? अमेरिकेतील फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये संदेश गुप्त ठेवणारी पीजीपी ही आज्ञावली तयार केली. अशी साधने तेव्हा तेथील कायद्याने युद्धसामग्रीत मोडत. साहजिकच झिमरमन यांच्यामागे चौकशी लागली; ती १९९६ मध्ये थांबली. दरम्यान १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने पीजीपीचा सोर्स कोड चक्क पुस्तकरूपाने छापला. पुस्तक परदेशी पाठवण्यास बंदी नव्हती! पुढे युरोपात अशाच छापील पानांवरून ही आज्ञावली पुन्हा संगणकात उतरवण्यात आली.

म्हणजे लिखाण सुटले. पण ते ज्या कपाटात ठेवले आहे, ते कपाट कोणाचे? सोर्सफोर्ज हे अशा आज्ञावल्यांचे मोठे भांडार. जानेवारी २०१० मध्ये त्याने क्यूबा, इराण, उत्तर कोरिया, सुदान व सीरिया येथील लोकांना दार बंद केले. २०१९ मध्ये गिटहबने इराण, सीरिया व क्रिमियातील सदस्यांच्या खासगी खात्यांवर निर्बंध घातले. इराणचे निर्बंध उठले ते २०२१ मध्ये, अमेरिकी सरकारचा परवाना मिळाल्यावर. दोन्ही ठिकाणी परवानगीपत्रातील एक शब्दही बदलला नव्हता. कपाट ज्या देशात, कायदा त्या देशाचा, एवढेच.

आपला देश त्या यादीत नाही, मग आपल्याला काय त्याचे, असे एखादा म्हणेल. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेने भारतातील अनेक संशोधन संस्थांना निर्बंधांच्या यादीत घातले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने भारतातील नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा काही दिवस थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. तिच्या हाती सोर्स कोड नव्हता. मुक्त स्रोतवाल्याच्या हाती तो असू शकतो, पण आधी उतरवून घेतला असेल तरच!

आणि उतरवून घेतलेला कोड वाचता येणारी माणसे हवीत. आपल्याकडे आज्ञावली 'वापरायला' शिकवतात, वाचायला नव्हे. ही माझी खरी तक्रार आहे, आणि ती आम्हा अध्यापकांविरुद्धही आहे. लिनक्स, पायथन आणि त्यांचे सोर्स कोड एका साध्या हार्ड डिस्कवर सहज मावतात. अकोल्यापासून जामखेडपर्यंत आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यात एका तरी विद्यालयाने अशी प्रत ठेवावी, दर सहा महिन्यांनी ती नवी करण्याचे काम अकरावीच्या दोघा-तिघांवर सोपवावे, आणि पायथनमधील एखादा छोटा भाग, समजा सरासरी काढणारा, त्यांनी फळ्यावर ओळीओळीने समजावून सांगावा.