‘तिकोणा’ म्हणजे नेमके काय? : सत्तामीमांसा, व्यवस्थाविचार आणि संगणकातील मराठी

संगणक आणि मराठी यांच्या संबंधाची चर्चा बहुधा दोन विषयांपुरती मर्यादित राहते : टंकांची सोय आणि पारिभाषिक संज्ञांचे मराठीकरण. दोन्ही विषय आवश्यक असले तरी प्रश्नाच्या मुळाशी ते पोचत नाहीत. कोणतीही आज्ञावली रचताना पहिला निर्णय घ्यावा लागतो तो ‘या जगात कोणत्या वस्तू आहेत असे धरावयाचे’ हा. रकाना कशासाठी ठेवावयाचा, कोणत्या दोन नोंदी एकाच वस्तूच्या समजावयाच्या, स्वतंत्र काय आणि दुसऱ्याचे रूप काय, हे प्रश्न तंत्राचे नसून सत्तामीमांसेचे आहेत. ते सोडविले जातात मात्र भाषाभ्यासकाच्या गैरहजेरीत, आणि ही गैरहजेरी बरीचशी स्वेच्छेची आहे.

एक साधे उदाहरण पाहता येईल. पवन मावळात तिकोणा हा किल्ला आहे. त्याचेच दुसरे नाव वितंडगड. पायथ्याशी तिकोणा पेठ ही वस्ती आहे. बोलण्यात ‘तिकोण्याला गेलो होतो’ असे कोणी म्हणाले, तर तो गड चढला की पेठेतल्या पाहुण्यांकडे जाऊन आला, हे ऐकणाऱ्याला प्रसंगावरून कळते. येथे एका वस्तूला दोन नावे आहेत आणि एका नावाच्या दोन वस्तू आहेत. माणसाला याचा त्रास होत नाही. स्थळनामांचे कोष्टक करणाऱ्याला मात्र थांबून ठरवावे लागते की नोंद नावाची करावयाची की वस्तूची. त्याने नावाची नोंद केली तर गड आणि गाव एक होतात, आणि तिकोणा व वितंडगड हे दोन निरनिराळे किल्ले ठरतात.

जुन्या मराठी कागदपत्रांच्या लेखकांना ही अडचण पुरेपूर ठाऊक असली पाहिजे. त्यांच्या लेखनात स्थळाचे नाव क्वचितच एकटे येते. ‘किल्ले’, ‘मौजे’, ‘कसबे’, ‘पेठ’ असा जातिवाचक शब्द नावासोबत बांधलेला असतो आणि पुढे तर्फ, परगणा, प्रांत अशी चढती उतरंड येते. यातील ‘मौजे’ किंवा ‘कसबे’ हा शब्द केवळ शिष्टाचाराचा नाही. पुढे येणारे नाव कोणत्या प्रकारच्या वस्तूचे आहे, हे तो आधीच सांगून ठेवतो. कित्येक संगणकीय भाषांत चलाच्या नावाआधी त्याचा प्रकार जाहीर करावा लागतो, तो याच गरजेपोटी. दफ्तरातल्या कारकुनाने हा नियम कोणत्याही ग्रंथातून घेतला नव्हता. सारा कोणावर बसवावयाचा, हे ठरविण्याच्या निकडीतून तो आला.

नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी १९६७ साली पूर्ण केलेल्या सिम्युला या भाषेत वर्ग आणि वस्तू ही जोडी संगणकात आली, तीही प्रत्यक्ष जगातील व्यवस्थांचे अनुकरण करण्याच्या हेतूने. जाति आणि व्यक्ती यांचा संबंध हा न्यायदर्शनाचा फार जुना प्रश्न. शब्दाचा अर्थ व्यक्ती, आकृती की जाति, यावर न्यायसूत्रांत रीतसर वाद आहे आणि तिन्हींचा स्वीकार करून तो मिटविलेला आहे. हे साम्य दाखविताना एक सावधगिरी हवी. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचा जो डांगोरा पिटला जातो, त्याचे मूळ रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ च्या एका निबंधात आहे. त्या निबंधाचा विषय मात्र शास्त्रीय संस्कृतातील अर्थविश्लेषणाची पद्धत आणि ज्ञानाची यंत्रयोग्य मांडणी एवढाच होता. पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये बॅकस यांच्या व्याकरणलेखन-पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे असे सुचविले, ही गोष्ट खरी. पण ती सूचना सांगून अभिमान बाळगणाऱ्यांपैकी किती जणांनी अष्टाध्यायीतील अनुवृत्तीचा विचार केला आहे, हे विचारण्याजोगे आहे.

याहून उपयुक्त धडा वैशेषिकांच्या अभावविचारात सापडतो. कोष्टकातला रिकामा रकाना काय सांगतो? वस्तू अद्याप झालेली नाही, होऊन नष्ट झाली, की ती तेथे कधी असूच शकत नाही? प्रागभाव, प्रध्वंसाभाव आणि अत्यंताभाव हे भेद येथे थेट लागू पडतात. कोष्टकरूप माहितीसाठ्याची कल्पना १९७० मध्ये मांडणाऱ्या एडगर कॉड यांनाही पुढे रिकाम्या जागेचे दोन प्रकार मानावे लागले. पवनेच्याच खोऱ्यात जमिनी आणि वस्त्या धरणाच्या जलाशयाखाली गेल्या. अशा वस्तीच्या नावापुढचा लोकसंख्येचा रकाना कोरा राहिला, तर तो कोरेपणा कोणत्या जातीचा आहे हे यंत्राला सांगितल्याशिवाय कळणार नाही.

स्थळनामांपेक्षाही हा प्रश्न अक्षरांच्या बाबतीत अधिक जिव्हाळ्याचा होतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतला फरक प्रत्येक मराठी वाचक जाणतो. पहिले विद्वान, दुसरे स्वयंपाकी. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्हींत वर्ण एकच, र. भेद लेखनरूपाचा आणि त्यामागील उच्चाराचा आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या १९८८ च्या रूपावरून घेतली. त्या मांडणीत मराठीचा हा अर्धा र दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात द्राविडी भाषांतील ध्वनी दाखविण्यासाठी ठेवलेले ‘ऱ’ हे नुक्तायुक्त अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. म्हणजे तो स्वतंत्र अक्षर मानला जातो. दुसऱ्या मार्गात साध्या ‘र’ला हलन्त करून एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, म्हणजे तो रूपभेद मानला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, आणि त्याला विशेष शिकविले नसेल तर एकाचा शोध घेताना दुसरा हाती लागत नाही. सत्तामीमांसेतला एक अनिर्णित वाद असा मराठीच्या ग्रंथसूचीत आणि शब्दकोशात येऊन बसला आहे.

‘ॲ’ची कथा याच्या उलट आहे. युनिकोडमध्ये हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ प्रारंभापासून होता. मराठी वळणाच्या ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेत त्याचा स्वरांमध्ये समावेश केला तो ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने. मराठीच्या वर्णमालेआधी संकेतकोष्टकाने त्याचे अस्तित्व मान्य केले, हा क्रम विचारात पाडणारा आहे.

तथापि ‘काय आहे’ याची यादी कितीही काटेकोर केली तरी भाषेचे काम भागत नाही. पवन मावळात भात पिकते, आणि भाताच्या कामात ‘राब’ हा शब्द येतो. पालापाचोळा, गवत, शेण, फांद्या जमिनीच्या तुकड्यावर पसरून उन्हाळ्यात जाळतात. तेथे पुढे रोपे तयार होतात आणि पावसात ती उपटून खाचरात लावतात. राब हे द्रव्य आहे, जागा आहे, की कर्म? बोलीत तो तिन्हींकडे झुकतो. त्याची व्याख्या करावयाची तर आधीचे झाड, नंतरचे रोप, त्यापुढचे खाचर आणि येणारा पाऊस यांच्याशी असलेला त्याचा संबंधच सांगावा लागतो. व्यवस्थाविचाराचा आग्रह नेमका हाच आहे की घटकाचे स्वरूप त्याच्या संबंधांतून ठरते. पदार्थांची यादी आणि संबंधांची वीण या दोहोंपैकी एकावर भागवू पाहणारी शब्दरचना ‘राब’पाशी अडते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेले मराठी शब्दजाल या दिशेने पुढे गेलेले काम आहे. त्यात शब्द संकल्पनेनुसार गटांत मांडलेले आहेत आणि गटांना परस्परांशी जोडलेले आहे. त्याची उभारणी मात्र हिंदी शब्दजालाच्या आधारे झाली. हिंदीतील संकल्पना घेऊन तिच्यासाठी मराठी शब्द देणे ही तिची मुख्य रीत. कामाचा वेग वाढविण्यासाठी ही रीत योग्यच होती. परंतु हिंदीच्या जाळ्यात जी संकल्पना नाही तिला मराठीत आपोआप जागा मिळत नाही. ती कोणीतरी मुद्दाम घालावी लागते.

हे काम कोणी करावयाचे, याचे उत्तर अभियंत्यांकडे बोट दाखवून देता येणार नाही. बोलींवरच्या प्रबंधांना जोडलेल्या शब्दसूची सामान्यतः अकारविल्हे असतात. त्या क्रमात ‘खाचर’ एका पानावर, ‘रोप’ दुसऱ्या आणि ‘राब’ तिसऱ्या पानावर जातो, आणि ज्या व्यवस्थेमुळे त्यांना अर्थ होता ती पानापानांत हरवते. ‘राब’च्या नोंदीत तो ‘भाजतात’, कोणत्या महिन्यात भाजतात, कशाकशाचा करतात आणि त्यानंतर जमिनीत काय पेरतात, एवढे चार संबंध जरी नोंदले गेले, तरी पुढे कोष्टक करणाऱ्याला विचारायला माणूस शोधावा लागणार नाही. अशी सूची करण्यासाठी संगणक लागत नाही. पवन मावळातली राब भाजण्याची वेळ गाठून तेथे जाणे मात्र लागते, आणि ज्यांनी राब भाजला आहे अशी माणसे दरवर्षी थोडी कमी होत आहेत.